फळ्यांचे पैसे कुणी खाल्ले?

पेपरच्या आतल्या पानावर एक चौकट येते. 'मातीचा ढिगारा कोसळून दोन मजूर ठार.' खाली चार ओळी. मजुरांची नावं कधी असतात, कधी नसतात. ठेकेदाराचं बहुतेक नसतंच. शेवटचं वाक्य ठरलेलं : पोलिसांनी अपघाती मृत्यूची नोंद केली आहे.

मला ह्या 'कोसळून'शी भांडायचं आहे. ढिगारा कोसळला म्हणजे सगळा गुन्हा मातीचा. मातीला तुरुंगात घालता येत नाही, म्हणून ठेकेदारापासून फौजदारापर्यंत सगळे तिचं नाव सांगून मोकळे होतात.

मी हे पुस्तक वाचून लिहीत नाही. मी चरात उतरलेला माणूस आहे. १९७२च्या दुष्काळात माझा बाप नि माझी पोटुशी आई पाझर तलावाच्या कामावर होते. बाप टिकाव मारायचा, आई पाटी वाहायची. माझा जन्म तिथलाच, कामावरचा. त्याच साली मुंबईत पँथर उभी राहिली, हे मला फार उशिरा कळलं. पाटी मात्र आधी कळली. माती खणणं आमच्याकडं कुणी शिकवत नाही, ते वारशात येतं. कुणाला वारशात वाडा, कुणाला फावडं.

१९९१ सालचा जून. पहिला आठवडा. पुण्याच्या बाहेर नवी वस्ती उठत होती, तिथं ड्रेनेजची लाइन टाकायचं काम. ठेकेदार कोण नि खातं कुठलं ते सांगत नाही. सांगून फरकही पडणार नाही, कारण तेव्हा ज्या ज्या चरावर मी गेलो तिथं हेच चित्र होतं. मी एकोणीस वर्षांचा. माझा दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, खाली पाइपांचे सांधे भरायचा. मी वर, पाटीवर.

चर बारा फूट खोल, रुंदी तीन फूट. वर काळी माती, खाली मुरूम. एका अंगानं जुनी पाण्याची लाइन गेलेली, म्हणजे तिकडची माती एकदा उकरून परत भरलेली. उकरलेला ढीग चराच्या अगदी काठाला. लांब टाकायला वेळ लागतो, आणि मुकादमाला पैसे फुटावर. दोन दिवसांमागं वळवाचा दणका येऊन गेलेला. शिडी नव्हती. उतरायचं दोराला धरून, चढायचंही तसंच.

काठाला समांतर एक चीर पडली होती. करंगळी जाईल एवढी. दाजीनं ती सकाळीच बघितली. माणूस अंगठेबहाद्दर, पण माती वाचायचा. मुकादमाला म्हणाला,

"मुकादम, हिकडं चीर पडलीया. फळ्या लावून घ्या."

"आरं, दोन तासाचं काम हाय. फळ्या आणस्तवर सांधं भरून व्हत्याल तुझं."

दाजी उतरला. न उतरून करतो काय? उचल घेतलेली, पोरगं एक वर्षाचं. उद्या नाक्यावर त्याच मुकादमासमोर उभं राहायचं.

मोठा आवाज वगैरे काही झाला नाही. धप्प झालं. पोतं टाकल्यासारखं. बघतो तर दाजी गळ्यापर्यंत मातीत. तोंड उघडं, डोळे उघडे. माझ्याकडं बघत होता. आम्हाला वाटलं, चला, वाचला. तोंड तर वर आहे! आम्ही फावड्यानं, हातानं, नखानं माती ओढायला लागलो. काठ परत सुटायला लागला तसं दोघंजण भिऊन वर पळाले. त्यांना मी नावं ठेवत नाही. एकाला काढायला उतरलेले दुसऱ्या लोंढ्यात गाडले जातात, हे असल्या ठिकाणी नेहमीचं आहे. चाळीस मिनिटांनी दाजी बाहेर निघाला. तेव्हा तो मेलेला होता. तोंडात मातीचा कण नव्हता.

तोंड उघडं असून माणूस मेला कसा, हे मला कित्येक वर्षं कळलं नाही. आता सांगतो, कारण हे प्रत्येक बिगाऱ्याला ठाऊक पाहिजे. एक मीटर लांब, रुंद, उंच एवढी माती दीड टनाच्या वर भरते. ती छातीभोवती बसली की माणूस श्वास सोडतो तेवढ्या जागेत ती आणखी सरकते. पुढचा श्वास घ्यायला छाती फुगवायची तर जागाच नाही. नाक-तोंड मोकळं असून माणूस गुदमरतो, आणि त्याला काही मिनिटं पुरतात. जे जिवंत निघतात त्यांच्यापुढं दुसरं संकट. तास-तास दबलेला पाय मोकळा झाला की चेंगरलेल्या स्नायूंतलं विष रक्तात उतरतं, मूत्रपिंडं बंद पडतात. 'बोलतोय, चालतोय, घरी न्या' असं म्हणणारा मुकादम त्या माणसाला दुसऱ्यांदा मारत असतो. थेट दवाखान्यात न्यायचं, आणि किती वेळ दबला होता ते डॉक्टरला सांगायचं.

पुढं काय झालं? तेच. मस्टरवर दाजीचं नाव नव्हतं. पंचनाम्यात आलं, मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. मुकादम पाच हजार रुपये आणि एक लुगडं घेऊन आला. कामावर मेलेल्याच्या वारसाला नुकसानभरपाई द्यायचा कायदा इंग्रजाच्या काळापासून, १९२३ सालापासून होता. आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगणारे होते कुठं? आक्का रडली नाही. तिनं मुकादमाला एकच विचारलं, "फळ्याला किती पैसं लागलं असतं?"

मुकादम गप.

ह्या प्रश्नाचं उत्तर मिळायला वीस वर्षं गेली. ते एक वर्षाचं पोरगं शिकलं. आक्कानं चार घरची धुणीभांडी करून त्याला सिव्हिलचा डिप्लोमा करायला लावलं. ज्या खड्ड्यात बाप गेला त्याच खड्ड्याचं शिक्षण. पहिल्या नोकरीवर त्याच्या हातात टेंडरची कागदं आली. रात्री घरी येऊन म्हणाला,

"मामा, ह्यात फळ्यांचे पैसे आहेत."

"म्हंजी?"

त्यानं समजावून सांगितलं. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत पाया खोदायची जी बाब आहे, तिच्या वर्णनातच लिहिलेलं असतं की हा दर माती लांब नेऊन टाकणं, पाणी उपसणं आणि काठांना फळ्या-धिरे देणं हे सगळं धरून आहे. म्हणजे प्रत्येक घनमीटरमागं ठेकेदाराला जे मिळतं त्यात फळ्याही आल्या. तो लावो न लावो, बिल तेवढंच. मोजमापाच्या वहीत, ज्याला सगळे एम.बी. म्हणतात तिच्यात, खोदाईची लांबी-रुंदी-खोली चढते. फळ्या किती लावल्या, किती दिवस ठेवल्या, ह्याचा वेगळा रकाना नसतो. न लावलेली फळी म्हणजे निव्वळ नफा.

मी वीस वर्षं समजत होतो की ठेकेदारानं कंजूषपणा केला, फळ्यांवर खर्च करायचा टाळला. तसं नव्हतं. असल्या दरावर काम घेणाऱ्याला फळ्यांचे पैसे सरकार देतं. ते कुणाच्या तरी खिशात जातात, वाटले जातात, त्यातून गाडी येते, गणपतीची वर्गणी जाते, निवडणुकीत पाकिटं जातात. आक्काच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे : आक्का, फळ्याचं पैसं दिलेलं होतं. ते खाल्लं.

आता कुणी म्हणेल, तेव्हा नियम नसतील. होते. खोदकामातल्या सुरक्षिततेचं भारतीय मानक, क्रमांक ३७६४, १९६६ साली निघालं आणि १९९२ साली सुधारलं. दाजी मेला तेव्हा ते पंचवीस वर्षांचं झालं होतं. केंद्राच्या बांधकाम खात्याच्या कंत्राटाला सुरक्षेचे नियम जोडलेले असतात, त्यात हे सोप्या भाषेत आहे. दीड मीटर, म्हणजे पाच फुटाला जरा कमी, एवढ्या किंवा त्याहून खोल चराचे काठ एक तर उतरते-पायऱ्यांचे करा, नाहीतर फळ्या-धिऱ्यांनी घट्ट धरा. चर १.२ मीटर किंवा त्याहून खोल असेल तर दर ३० मीटरला एक शिडी, आणि ती काठाच्या वर निदान तीन फूट निघालेली पाहिजे. उकरलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मी, ह्यात जे जास्त असेल तेवढी लांब. खालून पोखरायचं नाही, वरून खाली उतरत खणायचं.

ह्यातला एकही नियम रॉकेटचा नाही. चार फळ्या, दोन वासे, एक शिडी, आणि ढीग जरा लांब. आमच्या चरावर चारांपैकी एकही नव्हतं. आज जातायेता कुठल्याही गल्लीतला चर बघा आणि मोजा.

कुणी म्हणेल, आता जेसीबी आली, पोकलेन आली, माणूस खाली जातो कुठं? जातो. यंत्र खड्डा करतं. तळ साफ करायला, पाइप बसवायला, सांधा भरायला माणूसच उतरतो. उलट यंत्रानं दहा फूट खड्डा एका तासात होतो, काठ सरळ भिंतीसारखा उभा राहतो, आणि वर दहा टनाचं धूड त्याच काठावर थरथरत उभं. २९ मे २०२४ला वसईजवळ ससूनवघरला सूर्या पाणीपुरवठ्याच्या कामावर तर पोकलेन चालकासकट गाडलं गेलं. लष्कर आणि नौदल बोलावायची वेळ आली. लोखंडाचं यंत्र जिथं टिकलं नाही तिथं बरगड्या काय टिकणार?

त्याआधी २०२३च्या ऑगस्टमध्ये इंदापूर तालुक्यात म्हसोबाचीवाडीला विहिरीची रिंग बांधताना चार मजूर मातीखाली गेले. मढी काढायला दिवसच्या दिवस गेले. आणि २९ जून २०१९ची पुण्याच्या कोंढव्याची पहाट आठवा. एका सोसायटीची भिंत पलीकडच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर पडली. लहान पोरांसकट १५ जण मेले, बहुतेक बिहारचे. खणलेल्या जागेच्या कडेला भिंत, भिंतीच्या पायाशी पत्र्याच्या झोपड्या. खड्डा फक्त आत उतरलेल्यालाच खातो असं नाही. काठावर झोपलेल्यालाही खातो.

कायद्याचं सांगायचं तर कायदे पोत्यानं आहेत. बांधकाम मजुरांचा कायदा १९९६ साली झाला. महाराष्ट्राचे नियम यायला २००७ उजाडलं, कल्याणकारी मंडळ उभं राहायला २०११. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घ्यायचा, तो मजुरांवर खर्चायचा. ह्या उपकराच्या पैशातून देशात कुठं कुठं लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन खरेदी झाल्याचं २०१७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलं तेव्हा न्यायाधीशही चक्रावले. ज्याच्याकडं दोन सदरे नाहीत त्याच्या नावानं वॉशिंग मशीन! फळ्या घ्या म्हणून कुणाला सुचलं नाही.

नोंदणी करायची तर मागच्या वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा. नाक्यावरच्या माणसाला रोज नवा मालक. दाखला कोण देणार? आता २१ नोव्हेंबर २०२५पासून जुने कायदे मोडीत निघून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. इन्स्पेक्टर आता 'निरीक्षक-नि-सुविधाकार' झाला आहे. सुविधा कुणाची, ते विचारू नका. दहा मजुरांची अट जुन्या कायद्यात होती, नव्या संहितेतही आहे. चराची टोळी असते सहा-सात जणांची. ठेक्याखाली ठेका, त्याच्याखाली मुकादम, त्याच्याखाली टोळी. कागदावर तुकडे पाडले की एकेका तुकड्यात दहा माणसं भरतच नाहीत.

फौजदारी कायदा घ्या. निष्काळजीपणानं मरण घडवलं तर जुन्या ३०४-अ कलमात दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४पासून न्याय संहितेच्या १०६ कलमात ती पाच वर्षांपर्यंत झाली. पण पकडतात कुणाला? मुकादमाला, जेसीबीच्या ड्रायव्हरला. म्हणजे आपल्यातल्याच कुणाला. ज्याच्या सहीनं बिल निघालं तो साक्षीदारही होत नाही.

गटारात गुदमरून मरणाऱ्या सफाई कामगारासाठी निदान २०१३चा कायदा आहे. न्यायालयानं २०१४ साली दहा लाख आणि २०२३ साली तीस लाख भरपाई ठरवून दिली. तीही मिळवायला चपला झिजतात, पण तो अपघात नसून गुन्हा आहे एवढं तरी कबूल झालं. तेच गटार नवं खणताना जो मेला, त्याच्या मरणाला अजून 'ढिगारा कोसळला' असंच म्हणतात.

आता जातीचं बोलू. काही पुरोगामी मित्र म्हणतात, सगळ्यात जात कशाला आणता, चर काय जात विचारतो का? चर विचारत नाही. मुकादम विचारतो. नाक्यावर गवंडी वेगळा उभा असतो, सुतार वेगळा, बिगारी वेगळा. खाली उतरायला कोण, ते आधीच ठरलेलं असतं. वडार, बेलदार, मांग, महार, पारधी, नाहीतर परमुलखातला आदिवासी नि मुसलमान. मातीवडारांनी ह्या राज्याचे कालवे नि रस्ते खणले. त्यांच्या किती तांड्यांना इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलं, आणि १९५२ साली मुक्त केलं म्हणे. मुक्त केलं ते कुठं? चरात. १९७३च्या जाहीरनाम्यात पँथरनं 'दलित' शब्दात ह्या सगळ्यांना घेतलं होतं. तो शब्द खरा करायचा असेल तर चराच्या तळाशी जाऊन बघा, तिथं तो आयता एकत्र उभा आहे.

१९२७ साली आपली माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायला महाडला गेली. डोकी फुटली, पण पाण्याला हात लागला. आज शहरात सवर्णाच्या फ्लॅटमध्ये नळ सोडला की जे पाणी येतं, त्याची लाइन आपल्याच माणसानं बारा फूट खाली उतरून जोडलेली असते. त्याच्या वस्तीत मात्र टँकर. हा हिशेब कधी मांडणार?

आणि आता आपल्या घरातलं. राग आला तरी वाचा. आपल्या नेत्यांना नाक्यावर बघितलंय कधी? चौदा एप्रिलला डीजे आहे, कमानी आहेत, फ्लेक्सवर ओळीनं चाळीस चेहरे आहेत. त्या चाळीसातले काही तर स्वतःच खोदाईचे सब-ठेकेदार आहेत. जयभीम म्हणतात आणि आपल्याच पोरांना बिनफळीच्या चरात उतरवतात. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा १९४३च्या डिसेंबरात धनबादला कोळशाच्या खाणीत स्वतः खाली उतरले. मंत्री असून. सुटाबुटातला आपला नगरसेवक चराच्या काठावरही उभा राहत नाही, बुटाला माती लागते म्हणून.

आपणही काही कमी नाही. नाक्यावर कुणी म्हणालं की काठ धोक्याचा आहे, मी उतरत नाही, तर बाकीचे हसतात. "भ्यालास व्हय रं?" ही मर्दुमकी कुणाच्या कामाची? ठेकेदाराच्या. भिणाऱ्याला मी शहाणा म्हणतो. काठाला समांतर चीर, वरून सुटणारे बारीक खडे, तळाशी फुगलेला काठ, मधूनच पाझरणारं पाणी, ह्यातलं एक जरी दिसलं तरी वर यायचं. काळी माती उन्हात तडकते, पावसात फुगते. तिच्यात पावसानंतर दोन दिवस तर जास्तच जपायचं. आणि हेल्मेट दिलंय म्हणून फोटो काढून घेऊ नका. डोक्यावरचं हेल्मेट छातीवरची माती उचलत नाही.

मग करायचं काय? मोर्चा काढायचा तर काढू, पण मागणं नेमकं पाहिजे. पहिलं, फळ्या-धिरे ही बाब दरातून बाहेर काढा, तिचं वेगळं मोजमाप करा, वेगळे पैसे द्या. लावलं तरच पैसे. मग बघा, हेच ठेकेदार मातीवर फळ्यांचा मांडव घालतील! दुसरं, दीड मीटरच्या खाली माणूस उतरवण्याआधी काठ तपासल्याची रोजची सही इंजिनियरची, आणि ती चराच्या काठावरच्या फलकावर, सगळ्यांना दिसेल अशी. तिसरं, माणूस मेला तर पहिला आरोपी तो, ज्याच्या नावानं कंत्राट आहे. चौथं, उतरायला नकार दिला म्हणून कुणाचा रोज कापायचा नाही. पाचवं, नाक्यावरच नोंदणी, ठेकेदाराच्या दाखल्याशिवाय.

ह्यासाठी सरकारची वाट बघायची गरज नाही. माहितीचा अधिकार २००५पासून आहे. तुमच्या वॉर्डात चर खणला जातोय ना? त्या कामाची दरसूची, कंत्राट आणि एम.बी.ची नक्कल मागा. दर फळ्या धरून असेल तर चरावर जाऊन फळ्या मोजा. दिसल्या नाहीत तर ती चोरी आहे, आणि चोरीची फिर्याद जिवंतपणी देता येते. माणूस मरायची वाट बघायला नको.

शेवटचं भाच्याचं सांगतो. मागच्या पावसाळ्यात तो एका कामावर सुपरवायझर होता. चर तीन मीटर, फळ्या नाहीत. त्यानं टोळीला वर बोलावलं, काम थांबवलं. तासाभरात फोन आला, दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढला. फळ्या आल्या नाहीत. त्याच्या जागी नवा पोरगा आला, त्यानं सही केली, टोळी परत उतरली. नशीब, त्या दिवशी काठ धरून राहिला.

आक्काला मी हे सांगितलं. म्हातारी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्यो एकला थांबला म्हणून काढला. समदी वर आली असती तर कुणाकुणाला काढला असता?"

दोस्तांनो, मुकादमाला विचारलेल्या तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी शोधून दिलं. हा दुसरा तुमच्या-माझ्यासाठी आहे. नाक्यावर भेटू.

जयभीम.